थर्माकोलच्या विमानाला कुठला रंग, ते पण शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागली की ठाण्यात मुलांसाठी विमान बनवायची शिबिरं होतात, त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ पण सुरू झालाय, त्यामुळे पोरांना विमानाचं जाम वेड लागलंय, छानच आहे. पण शिबिरात पंख कापणं, तोल साधणं सगळं नीट शिकवतात आणि शेवटी म्हणतात घरी जाऊन आवडीचा रंग द्या, बस.

माझा भाचा सातवीत आहे. तीन दिवस खपून त्याने थर्माकोलचं ग्लायडर केलं, बाजारातून लाल स्प्रेचा डबा आणला, दुकानदाराला कशासाठी हवाय ते सांगितलं होतं तरी तो काही बोलला नाही. गॅलरीत पेपर अंथरून पहिला फवारा मारला आणि पंखाची कड आमच्या डोळ्यांदेखत आत बसत गेली, वर बारीक बारीक खड्डे पडले, बोट लावलं तर लाल चिकट तार निघाली. पोरगं रडलं पण नाही, पंख मांडीवर घेऊन नुसतं बसून राहिलं, ते मला फार लागलं.

स्प्रेमधलं थिनर थर्माकोल विरघळवतं, एवढी एक ओळ कुणी सांगितली असती तरी पुरे होतं. थर्माकोलला पाण्यातला अ‍ॅक्रेलिक रंग, ब्रशने, पातळ दोन हात. स्प्रेच हवा असेल तर आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात देऊन पूर्ण वाळवायचं, आणि तरीही टाचणीएवढी जागा राहिली तर थिनर तिथून आत शिरतंच, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर मारून बघायचं. मी कॉलेजपासून बाल्साची, म्हणजे एका अगदी हलक्या लाकडाची विमानं करतोय, तिथली तऱ्हा वेगळी, आपल्याकडच्या पावसाळ्यात डोप, म्हणजे अशा विमानांवर द्यायचं थिनरमधलं लॅकर, मारला की थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यात उतरते आणि चकचकीत फिनिशवर पांढरट साय धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी डोपचा डबा उघडतच नाही.

वजनाचं पण कुणी बोलत नाही. शेपटी तोलाच्या बिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल तर शेपटीवर 10 ग्रॅम रंग जास्त झाला की नाकात 30 ग्रॅम शिसं भरावं लागतं. आणि पंख वरून-खालून एकाच रंगाचे नकोत, रिमोटचं विमान उंच गेलं की ते सुलटं आहे की उलटं हे कळत नाही, ढगाळ आभाळात पांढरं आणि चंदेरी तर दिसेनासंच होतं, म्हणून मी वरून पिवळा आणि खालून गडद निळा देतो.

शिबिरवाल्यांनी शेवटचा एक तास रंगासाठी ठेवावा, मुलांना मास्क लावून, मोकळ्या हवेत, तुकड्यावर करून दाखवावं. तुमच्या मुलांच्या पानावर विमानाची कृती येईल तेव्हा पण कृपया रंग कुठला आणि कशावर ते लिहा. भाच्याने नवीन पंख कापलाय, शनिवारी आम्ही दोघं ब्रशने रंगवणार आहोत.

आपला,
एक वाचक, चरई, ठाणे