क्रीडामंत्री साहेब, पोरांचं रक्त राहू द्या, आधी मैदान बघा

प्रति,
मा. क्रीडामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या मैदानावर आपण सिंथेटिक ट्रॅकचं भूमिपूजन केलंत, त्याबद्दल सर्वप्रथम आभार. आचारसंहिता लागायच्या आदल्या संध्याकाळी, एवढ्या घाईगर्दीतही आपण वेळ काढलात. नारळ फुटला, कोनशिला बसली, ढोल-ताशे वाजले. पुढच्या पावसाळ्याच्या आत पोरं नव्या ट्रॅकवर पळतील, असं आपण माइकवरून सांगितलंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. तो पावसाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला. ट्रॅक काही आला नाही. आपल्या कार्यक्रमाच्या मांडवाचे खड्डे तेवढे राहिले.

गेल्या आठवड्यात जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा त्याच मैदानावर झाल्या. १७ वर्षांखालील मुलींची २०० मीटर. माझी पोरगी तिसऱ्या लेनमध्ये होती. माझी म्हणजे मी शिकवतो ती. तिचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. क्लॅपर वाजला आणि वळण संपेपर्यंत ती दोन पावलं पुढे निघालेली होती. तिथं तिचा डावा पाय आत गेला. मंडपवाल्यानं खांब उपटून वरवर मुरूम ओढून ठेवला होता आणि त्यावरून कुणीतरी इमानदारीत फक्कीची रेघही मारली होती. मी पोचलो तेव्हा तिच्या कोपरापासून गालापर्यंत ती फक्की लागली होती, घोटा डोळ्यांदेखत सुजत होता आणि ती मला विचारत होती, "सर, रिलेत माझ्या जागी कोण?"

रुग्णवाहिका नव्हती. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस होता आणि मुदत संपलेला स्प्रे होता. तिला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. लिगामेंट फाटलंय. सहा महिने पळायचं नाव काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे विभागीय गेलं, राज्य गेलं, हे वर्ष गेलं.

आणि त्याच आठवड्यात आपण पत्रकारांना सांगितलंत की स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराचं वेगात पळणं, आपल्या मुलांच्या रक्तातच नाही, त्यामुळे तिथं पैसा घालण्यात अर्थ नाही. हे पत्र त्या वाक्यामुळे लिहितोय. खड्डा मी गिळला असता, साहेब. सवय आहे.

रक्ताचं म्हणाल तर एक गोष्ट सांगतो. पूर्व फ्रान्समध्ये बेले नावाचं गाव आहे. आपल्याकडच्या बाजाराच्या गावापेक्षा फार मोठं नाही. २००५ च्या सप्टेंबरात तिथं खेळांचा मेळा भरला होता. पोरं येतात, हा खेळ करून बघतात, तो करून बघतात. एका बाजूला ५० मीटर आखून ठेवलेले आणि वेळ घ्यायला माणसं उभी. पंधरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा, हँडबॉल, रग्बी, फुटबॉल सगळं थोडंथोडं खेळून झालेला, तिथं पळाला आणि त्याची वेळ सगळ्यांत कमी आली. क्रिस्तोफ लमेत्र त्याचं नाव. त्याआधी त्यानं ॲथलेटिक्सचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्याला एक्स-ले-बँ या गावातल्या क्लबात नेलं. तिथं पिएर कारा नावाचे एक वयस्कर कोच होते, त्यांनी त्याला हातात घेतलं.

पुढचं ऐका. २००८ मध्ये पोलंडमधल्या बिडगोश्चला २०० मीटरचा ज्युनिअर विश्वविजेता. २००९ मध्ये सर्बियातल्या नोवी सादला १०० मीटर १०.०४ सेकंदांत, युरोपचा ज्युनिअर विक्रम. ९ जुलै २०१० ला फ्रान्समधल्या वालाँसच्या राष्ट्रीय स्पर्धेत १०० मीटर ९.९८ मध्ये. त्याच महिन्याअखेर बार्सिलोनाच्या युरोपीय स्पर्धेत १००, २०० आणि रिले अशी तीन सुवर्णं. एकाच युरोपीय स्पर्धेत ही तिन्ही त्याआधी कुणा पुरुषानं जिंकली नव्हती. त्यातली २०० मीटर तर त्यानं एका शतांश सेकंदानं काढली, तीही शेवटच्या पावलांत. सुरुवात त्याची कायमच ढिली. सुरुवातीला पाय टेकवायच्या ब्लॉकमधून बाहेर पडताना तो इतरांच्या मागे असायचा आणि ६० मीटरनंतर एकेकाला गाठत जायचा. आमच्यातल्या कुणालाही त्याची रेस बघताना धाप लागेल. २०११ मध्ये ९.९२, आणि दक्षिण कोरियातल्या देगूच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटरमध्ये १९.८० आणि कांस्य.

आता तुमच्या रक्ताचा हिशेब. अमेरिकेच्या जिम हाइन्सनं १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत १०० मीटर ९.९५ मध्ये पळून दहा सेकंदांची भिंत पाडली. तेव्हापासून बेचाळीस वर्षं जगभरचे शहाणे म्हणत होते की गोऱ्या माणसाच्या अंगात ते नाहीच. पोलंडचा मारियन वोरोनिन १९८४ मध्ये १०.०० वर येऊन अडकला, तेव्हा त्यांना पुरावाच मिळाला. मग मेळ्यात सापडलेला हा गोरा पोरगा ९.९८ घेऊन आला. त्याच्या रंगाची चर्चा पत्रकारांनी इतकी केली की तोच वैतागला. चीनच्या सू बिंगतियाननं टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत ९.८३ मारले. आणि लांब कशाला, शेजारच्या छत्तीसगडचा अनिमेष कुजूर ५ जुलै २०२५ ला ग्रीसमध्ये १०.१८ पळाला. जशपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला आदिवासी पोरगा. त्याचं रक्त कुठून आयात केलं, ते तुमच्या खात्यानं एकदा तपासून घ्यावं.

मुलींचं हवं असेल तर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या टॅला उपनगरातली ऱ्हासिदात अडेलेके आहे. २०१८ मध्ये अठरा वर्षांखालच्या युरोपीय स्पर्धेत २०० चं सुवर्ण, २०२१ मध्ये वीस वर्षांखालच्या स्पर्धेत १०० आणि २०० दोन्ही. २०२४ मध्ये रोमच्या युरोपीय स्पर्धेत ४०० मीटर ४९.०७ मध्ये, रौप्य. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथी. तिला पुढं शिकायला आणि पळायला टेक्सासला जावं लागलं, हे खरं. पण टॅलाच्या क्लबात ती लहान असताना तिला धड ट्रॅक मिळाला आणि वेळ घेणारं माणूस मिळालं, म्हणून तर टेक्सासच्या लोकांना ती दिसली. आमची पोरगी कुणाला दिसणार? तिची वेळ मी हाताच्या स्टॉपवॉचवर घेतो. ऑफिसात सांगितलं तर म्हणतात, सर, तुमचं बटण जरा लवकर दबत असेल.

माझं सांगायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे. मीही २०० पळायचो. विद्यापीठाचं पदक आहे, गंज चढलेलं. मला राष्ट्रीय शिबिराचं पत्र शिबिर संपल्यावर मिळालं. टपाल कुणाच्या टेबलावर पडून होतं ते आजतागायत कळलेलं नाही. पुढे क्रीडाशिक्षक झालो, आणि क्रीडाशिक्षकाला शाळेत काय काम असतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. जनगणना, मतदार यादी, पोषण आहाराचं रजिस्टर, मंत्री आले की मुलांच्या रांगा. निवृत्त झालो तसा पहाटे या पोरांना घेऊन मैदानावर जातो. पगार नाही, मानधन नाही, मागितलंही नाही. पोरीचे स्पाइक मी पेन्शनमधून घेतले आणि घरी बायकोला सांगितलं की एका जुन्या विद्यार्थ्यानं दिले. एमआरआयचे पैसे मात्र तिच्यापासून लपले नाहीत. आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. माझे दोन्ही गुडघे गेलेत. तरी मैदानात कुठं किती खोल खड्डा आहे, कुठं टँकरची चाकोरी पडलीय, ते मला अंधारात सांगता येतं. तुमच्या अभियंत्याला उजेडात सांगता येईल का, शंका आहे.

ट्रॅकच्या पैशाचं काय झालं? भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर सात कोटी होते. बांधकाम खात्यातला एक ओळखीचा म्हणतो, साडेचारच मंजूर झाले. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, वर्क ऑर्डरच निघाली नाही. चहाच्या टपरीवर तर अकरा कोटींपर्यंत आकडा गेलाय. मी म्हणतो निम्मे तरी कुठंतरी मुरले. खोटं असेल तर कागद टेबलावर ठेवा, मी जाहीर माफी मागेन.

ही एका ट्रॅकची गोष्ट असती तर इतकं लिहिलं नसतं. दर १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या नावानं राज्य क्रीडा दिन साजरा होतो. हार, भाषणं, फोटो. ज्या माणसाला १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला दारोदार पैसे जमवावे लागले, त्याच्या फोटोला हार घालताना कुणाचा हात थरथरत नाही, याचं मला कौतुक वाटतं. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत केनियाच्या धावपटूंना घाम फोडून रौप्य आणलं. साबळे तर सैन्यात जाऊन घडला. ही पोरं घडली ती स्वतःच्या हाडांवर आणि दुसऱ्यांच्या आधारावर, आणि पदक आलं की रेल्वे स्टेशनवर स्वागताला पहिली गाडी आपली. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रांवर लोक नोकरीला लागले, तेही आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. कधी मैदान न पाहिलेला माणूस खेळाडू म्हणून साहेब होतो, आणि जिचं लिगामेंट फाटलं ती आता घरी बसून बारक्या भावाला सांभाळते. तिच्या आईनं मला काल विचारलं, सर, हिचं आता लग्नाचं बघू का? मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचत असेल तर कळवा, पत्ता कार्यालयात आहे.

मागणी फार नाही. ट्रॅक होईल तेव्हा होवो. आधी रोलर पाठवा. मुरूम पंचायत समितीच्या आवारात पडलेला आहे, डिझेल आम्ही वर्गणी काढून घालतो. स्पर्धेच्या दिवशी एक रुग्णवाहिका उभी करा. पोरीच्या उपचाराचा खर्च तिच्या बापावर टाकू नका. आणि प्रत्येक तालुक्याच्या यात्रेत, जिथं तुमचा सत्काराचा स्टेज लागतो त्याच्या शेजारी, ५० मीटर आखून एक इलेक्ट्रॉनिक टायमर लावा. कुस्त्यांच्या फडाला लोक जमतात तसे इथंही जमतील. पळू द्या ज्याला पळायचंय त्याला, चपला काढून पळू द्या. बेलेत याहून जास्त काही केलं नव्हतं.

एवढीच विनंती की या पत्रावर "पुढील उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित" असा शेरा मारून ते खालच्या कार्यालयाकडे धाडू नका. मागच्या अर्जाचं तसंच झालं होतं, आणि तो फिरतफिरत अभिप्रायासाठी माझ्याच जुन्या शाळेत क्रीडाशिक्षकाकडे आला. ते पद रिकामं आहे.

आपला,
एक बिनपगारी कोच