पियाजे परीक्षेपुरताच?

महोदय,

शिक्षक पात्रता परीक्षेत 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला असतात. त्यामुळे मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या विचारवाढीच्या चार अवस्था ठाण्यातल्या कुठल्याही उमेदवाराला तोंडपाठ. साधारण सात ते अकरा वयाची मुलं प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क करतात, हेही पाठ. वर्गात मात्र वजाबाकी फळ्यावर सुरू होते आणि फळ्यावरच संपते. काड्यांच्या जुड्या कपाटात. तपासणी असली की त्यांना हवा लागते!

कळव्यातल्या एका शाळेत 52 वजा 38 ला अडलेल्या मुलीला शेजारणीने दहाची एक जुडी सोडून बारा सुट्या काड्या करून दाखवल्या. चेहरा उजळला तिचा. आज मदतीने जमलेलं उद्या एकटीला जमतं, हे मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीचं म्हणणं तिथे समोर घडत होतं. बाईंनी ‘गप्पा नकोत’ म्हणून दोघींना वेगळं बसवलं. वर्ग मोठा, अभ्यासक्रम पुरा करायचा, हे खरंच. पण बोलू देण्याला खर्च येत नाही.

कोसबाड ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली होती. आपल्याला निदान कपाट उघडता यावं. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी दर वेळी मुलांच्या दोन-तीन चुकलेल्या वह्या समोर ठेवून चर्चा व्हावी, ही केंद्रप्रमुखांना विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, कळवा (ठाणे)