फॉर्मवर खरं लिही

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास. मी परत लावला नाही. लावला असता तर आवाज चढले असते आणि बाबांना सगळं कळलं असतं. त्यांना अजून अर्धंच सांगितलंय. म्हणून लिहायला बसले.

आधी एक स्पष्ट करते. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला माझी ना नाही. आक्षेप आहे तो दोन गोष्टींना. शिबिराच्या आदल्या दिवशी पॅनिकवरची गोळी बंद करणार म्हणालास, आणि फॉर्ममध्ये औषधांचा रकाना कोरा सोडणार म्हणालास, ‘नाहीतर घेत नाहीत’ म्हणून. एवढंच लिहून पत्र संपवायचं ठरवलंय. बघू.

‘वैद्य असून ॲलोपॅथीच्या गोळीची वकिली करतेस’ हे तुझं वाक्य. करते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, औषधाचे तीन प्रकार सांगितलेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, नियम, उपवास, प्रार्थना. दुसऱ्यात आहार आणि औषधद्रव्यं. तिसऱ्यात मनाला अहिताच्या विषयांपासून आवरणं. तिन्ही एका ओळीत आलेत, एक घेतलं की दुसरं सोड असं तिथे नाही. ‘समग्र उपचार’ म्हणून हल्ली जे विकतात त्यात नेमकं हेच निसटतं. समग्र म्हणायचं आणि गोळी तेवढी वगळायची, हे कसलं समग्र?

आता गोळीचा हिशेब. तुझ्या गोळीचा, एस्सिटॅलोप्रामचा, गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६. तू दोन महिने घेतोयस, म्हणजे आत्ताशी कुठे बस्तान बसतंय. साधारण ३० तासांत तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. आदल्या दिवशी सोडलीस तर शिबिराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगात फारच थोडी उरेल. मग चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. आणि तिथला चौथा दिवस कोणता? पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, अंगभरच्या संवेदना तटस्थपणे पाहायच्या. त्यानंतर रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचं. पहाटे ४ला घंटा, दिवसाला दहा-एक तास ध्यान, मोबाइल जमा, बोलणं बंद. गोळी सुटल्याचा त्रास आणि ध्यानात वर येणारं काहूर नेमके एकाच दिवशी गाठ घालणार, आणि कुठलं काय हे तुला ओळखता येणार नाही, आचार्यांनाही नाही. कारण फॉर्मवर तू लिहिलेलंच नसणार!

तो रकाना अडवायला ठेवलेला नाही. तिथले लोक स्वतःच सांगतात की डॉक्टरांनी दिलेलं औषध परस्पर बंद करू नका, आणि गंभीर मानसिक आजार असेल तर हे शिबिर त्यावरचा उपाय नाही. ही साधना भारतात आणणारे गोएंकाजी स्वतः मायग्रेनसाठी म्हणून ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन या आपल्या पुढच्या गुरूंकडे गेले, तेव्हा गुरूंनी आधी नकारच दिला होता. नुसती डोकेदुखी घालवायला ही साधना नाही म्हणून. तू मात्र तोच दरवाजा मागच्या बाजूने उघडायला निघालायस.

लागले बघ भाषण द्यायला. माफ कर. तुला उपदेश नको असतो, कधीच नको होता. सहावीत सायकल शिकतानासुद्धा ‘मागून धरू नकोस, काही सांगूही नकोस’ म्हणायचास, आणि पडलास की कोपर धुऊन गुपचूप हळद लावून यायचास. बाबांना रात्री जेवताना कळायचं.

तेव्हा उपदेश बाजूला, कामाचं सांगते.

छातीत धडधड सुरू झाली की तू खोल-खोल श्वास घेतोस. तिथेच घोळ होतो. घाईने मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून बोटांना नि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि आपल्याला वाटतं आता काही खरं नाही. घेणं कमी कर, सोडणं लांबव. नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, मध्ये रोखायचं नाही. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप उतरतो, म्हणून बाहेरचा लांब. सकाळ-संध्याकाळ ५-५ मिनिटं, बरं असताना. ऐन झटक्यात शिकायला बसलास तर जमणार नाही. भ्रामरी चालेल, सहा-सात वेळा, कानावर हलकी बोटं ठेवून. गुणगुणताना श्वास लांबतोच. कपालभाती आणि भस्त्रिका सध्या अजिबात नको. ज्याला पॅनिक येतं त्याला जलद श्वसन म्हणजे आयतं आमंत्रण. मोबाइलवरचा तो गुरू सगळ्यांना सरसकट कपालभाती करायला लावतो, त्याचा मला राग येतो.

इगतपुरीला हे चार-सहाचं मोजणं बाजूला ठेवायला सांगतील. तिथे श्वास लांबवायचा नसतो, आहे तसा पाहायचा असतो. चांगलीच गोष्ट आहे, पण ज्याला अजून स्वतःच्या ठोक्यांचीच भीती वाटते त्याला दिवसभर आतच पाहत बसणं जड जाऊ शकतं. म्हणून म्हणते, गोळी चालू ठेव. म्हणजे, म्हटलंच आहे वर.

अण्णांबरोबर संध्याकाळी हरिपाठ म्हणायचास ते आठवतं? टाळ तुझ्याकडे, आणि ठेका तुझाच चुकायचा. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र लोकांना म्हणायला लावून श्वास मोजले होते. दोन्ही वेळा तो मिनिटाला सुमारे सहावर आला. श्रद्धा असेल तर उत्तमच, नसेल तरी फुप्फुसांना त्याने फरक पडत नाही. मोठ्याने म्हण, एवढंच. दैवव्यपाश्रय म्हटलं की तू नाक मुरडतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अंगाला तेल. घाण्याचं तिळाचं तेल ४०-५० मिली वाटीत घे आणि वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेव. थेट गॅसवर नको. हातापायांच्या लांब हाडांवर लांब हात फिरव, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष लावायला सांगितलंय. रोज सगळं जमणार नसेल तर तेवढे तीन तरी सोडू नकोस. पंधरा मिनिटं मुरू दे, मग कोमट पाणी नि बेसन. ताप, सर्दी, अपचन असेल त्या दिवशी तेल नाही. तुझ्या बाथरूमच्या फरशा गुळगुळीत आहेत, रबरी मॅट टाकल्याशिवाय हे सुरूच करू नकोस. रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने पाच-पाच मिनिटं घास. वाटी काळी पडली की ‘विष निघालं’ म्हणतात, ते खरं नाही. काशातल्या तांब्यावर तुपातल्या आम्लाची क्रिया होते, इतकंच. उपयोग आहे तो स्पर्शाचा आणि पाय मोकळे होण्याचा, झोप लागते.

झोपेचं. अमेरिकेच्या कॉलमुळे झोपायची वेळ तुझ्या हातात नाही, पण उठायची आहे. ती एकच ठेव, रविवारीसुद्धा. पडून वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बस, अंथरुणात तळमळत राहिलास की अंथरुणाचीच धास्ती बसते. दुपारी २ नंतर चहा-कॉफी बंद. कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच पाच-सहा तास जातात. आणि सकाळी उपाशीपोटी तीन कप कॉफी हा नाश्ता नव्हे. साखर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं, आणि तुला वाटतं पॅनिक आलं. धिरडं, मूठभर शेंगदाणे, केळं, काहीही चालेल, पण उठल्यापासून तासाभरात.

रक्ताच्या तपासण्या केल्यास का? हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी१२ आणि डी जीवनसत्त्व. थायरॉइड जास्त चालला किंवा रक्त कमी असलं तरी धडधड अशीच होते, आणि आपण शाकाहारी, त्यामुळे बी१२ बघायलाच हवं. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर अहवाल मला पाठव.

अश्वगंधाची पावडर आणलीयस म्हणालास. डबा बंद करून ठेव. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं नसतं, हे तुला तरी मी सांगायला नको. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळीबरोबर गुंगी वाढवू शकते, थायरॉइडची पातळी हलवते, क्वचित यकृतालाही त्रास होतो. जटामांसीही स्वतःच्या मनाने नको. घ्यायचंच असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं काय चाललंय ते माहीत असू दे. लपवून घेतलेलं आयुर्वेदिक औषध मला लपवून सोडलेल्या गोळीइतकंच नापसंत आहे.

बोगद्यात गाडी चालवायची भीती वाटते, त्याचं. म्हणून मुंबईला आता ट्रेननेच जातोस असं सायली म्हणाली. टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि भीती एक इंच वाढते. थोडं-थोडं करून परत जायचं. पहिल्यांदा कात्रजच्या नव्या बोगद्यातून मित्राला चालवू दे, तू शेजारी बस. मग रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना तू चालव, तो शेजारी. मग एकटा. प्रत्येक पायरीवर इतक्या वेळा जा की भीती दहापैकी आठवरून तीन-चारवर येईल, मगच पुढची. आत भीती चढली तरी वेग वाढवून बाहेर पळायचं नाही, चार-सहा मोजत आपल्या लेनमध्ये राहायचं. तुझ्या समुपदेशकांशी बोलून पायऱ्या ठरव. सत्त्वावजय म्हणतात तो हाच, आणि गोळीने मन जरा स्थिर असतं तेव्हा तो जास्त जमतो. पुन्हा आले मी गोळीवर.

एक अवघड लिहिते. अण्णांच्या दहाव्याची सगळी कामं तू एकट्याने केलीस, ब्राह्मणांपासून केळीच्या पानांपर्यंत. डोळ्यांत पाणी नाही. सगळे म्हणाले, पोरगा किती खंबीर. मलाही अभिमान वाटला, अजून वाटतो. पण तुझं हे सगळं सुरू झालं ते त्यानंतर दोन महिन्यांनी. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग मांडला होता. सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं, व्याकरण न बघता, कुणाला न दाखवता. करून बघ. लिहिल्या-लिहिल्या तासभर जास्त वाईट वाटतं, ते अपेक्षित आहे. झोपच उडाली तर थांब आणि समुपदेशकांना सांग. फाडून टाकलंस तरी चालेल. अण्णांचं कपाट अजून तसंच आहे, तू आल्याशिवाय बाबा हात लावू देत नाहीत.

सुधाआत्याचं मी इथे काढणार नव्हते. तुझं तसं नाही, डॉक्टरांनीही सांगितलंय, आणि तू स्वतःहून त्यांच्याकडे गेलास, आपल्या घरात असं पहिल्यांदा कुणी केलं. पण तिनेही ‘आता बरं वाटतंय’ म्हणूनच सोडल्या होत्या रे. बाबांना म्हणूनच सांगवत नाही.

गोळी जन्मभर घे असं कुणी म्हणत नाही. पूर्ण बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर आठवड्यांच्या टप्प्यांनी डोस उतरवतात. उतरवताना कामाची घाई, परदेशवारी, घरातलं लग्न नसलेला काळ निवडतात. दहा दिवसांचं मौन तर त्याहून नको. शिबिर पुढे ढकल, वर्षभर घरी वीस मिनिटं रोज बसायची सवय कर. किंवा आत्ताच जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळीची पट्टी बरोबर घेऊन, फॉर्मवर नाव आणि मिलिग्रॅम लिहून जा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. इगतपुरी कुठे जात नाही, १९७६ पासून तिथेच आहे.

फॉर्म भरलास की पाठवण्याआधी फोटो काढून मला टाक. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. बरं, थोडं त्यासाठीच.

तुझी,
आई

ता. क. तेलाची बाटली आणि काशाची वाटी शनिवारी मंदारबरोबर देते. त्याला वाकडला उतरायला सांगितलंय, तू स्टॉपवर जा. त्याच्याकडे तुझ्या नव्या घराचा पत्ता नाही. वाटी अण्णांची आहे, घासणीने घासू नकोस.