मामा, तुम्ही पंख्याच्या बटणापाशी उभे राहिलात

मामा,
नमस्कार.

प्रॅक्टिकल होऊन आज आठ दिवस झाले. रोज ठरवते, आपल्या कॉलेजच्या ज्या लॅबमध्ये तुम्ही मदतनीस आहात तिथं जाऊन तुम्हाला भेटायचं, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत फिरते. समोर उभी राहिले तर रडूच येईल, म्हणून लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण मला बोल लावणाऱ्यांनीही ते चारचौघांतच लावले होते.

वर्षभरात मोरचुदातलं, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांतलं, स्फटिकजल (खड्यांत बांधलेलं पाणी) मी दोनदा मोजून काढलं आणि दोन्हीदा चुकलं. पहिल्यांदा उत्तर आलं 41 टक्के, दुसऱ्यांदा 33. हवं होतं 36च्या आसपास. पहिल्या वेळी माझी वही साऱ्या बॅचसमोर वाचून दाखवली गेली. खेड्यातल्या मुलींनी सायन्सचा हट्ट का करावा, असंही ऐकवलं गेलं. दुसऱ्या वेळी हळूच सांगितलं गेलं, ‘36 धरून उलटं गणित मांड, सही देते.’ कुठं चुकतंय, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

ते उलटं गणित मी मांडलं नाही. मोरचूद माझ्यासाठी बाटलीतलं रसायन नाही, मामा. सोलापूरजवळच्या नान्नजकडं आमची द्राक्षाची बाग आहे. मोरचूद, चुना आणि पाणी मिसळून बोर्डो हे बुरशीचं औषध करताना मी लहानपणापासून बघतेय. दादा त्यात विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणतात, ‘चुना कमी पडला गं,’ आणि आणखी चुना घालतात. तसंच फवारलं तर कोवळी पानं करपतात. किलोभर मोरचुदात 360 ग्रॅम पाणीच असतं, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘हे तू स्वतः मोजलंस?’ मला त्यांना ‘हो’ म्हणायचं होतं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तुम्ही मला फार काही शिकवलं नाहीत. मोरचुदाची मूस (तापवायची छोटी वाटी) भाजताना माझ्या टेबलाजवळ आलात, बर्नरची ज्योत निम्म्यावर आणलीत आणि म्हणालात, ‘घाई कशाला करायलीस बाळ? खडे तडतडून बाहेर उडायलेत.’ माझ्या 41 टक्क्यांतले किती टक्के असे मुशीबाहेर उडून गेले असतील, ते मला त्या एका वाक्यात कळलं. निळा रंग हळूहळू फिकट होत पांढरा झाला. ‘मधे निळसर दिसतंय का बघ,’ म्हणालात. दिसत होतं. मोरचुदाच्या पाच पाण्यांपैकी, म्हणजे पाण्याच्या पाच रेणूंपैकी, चार तांब्याला धरून असतात, ती आधी निघतात. पाचवं सल्फेटजवळ अडकून बसतं, ते दोनशे अंशांच्या आसपास सुटतं. माझे 33 टक्के आले, कारण ते पाचवं पाणी पूर्ण निघालंच नव्हतं. आणि जास्त भाजून काळं पडलं तर मोरचूदच मोडलं, मग सगळंच गेलं. हे सगळं पुस्तकात होतं आणि मला पाठ होतं. मुशीत ते कसं दिसतं, ते तुम्ही दाखवलंत.

मग मी मूस चिमट्यानं उचलून सरळ तराजूकडं निघाले. तुम्ही वाट अडवलीत. ‘गार होऊ दे की. गरम मूस खोटं बोलते.’ खरंच बोलते. तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते, पारड्याला उचलल्यासारखं करते आणि वजन कमी दिसतं. आपल्याला वाटतं, पाणी जास्त गेलं. मूस डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतली ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, ठेवली आणि आपण दोघं नुसते बसून राहिलो. वर्षभरात माझ्यासाठी असं कुणी बसून राहिलं नव्हतं.

आता जे सांगायचंय ते. एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन, आपलं सोलापूर. बाहेर बेचाळीस अंश आणि बॅलन्स रूमला एकच खिडकी, तीही बंद. डोक्यावर पंखा फिरत होता आणि तराजूचा शेवटचा आकडा थरथरत होता. तुम्ही पंखा बंद केलात. बाहेरून कुणीतरी ओरडलं, ‘मामा, मरायचं का आम्ही?’ एक मुलगा आत येऊन बटणाकडं हात करायला लागला. तुम्ही काही बोलला नाहीत. भिंतीला पाठ टेकून बटणापुढं उभे राहिलात. पाठीवरचा शर्ट भिजून भिंतीला चिकटला होता. मी पहिलं वजन घेतलं, परत भाजलं, गार केलं, दुसरं वजन घेतलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी तुम्ही तिथंच. 2.014 ग्रॅम घेतलेल्या मोरचुदातून पहिल्यांदा 0.711 ग्रॅम गेले, मग एकूण 0.724, मग 0.725. आकडा थांबला. 36.0 टक्के.

तुम्ही आकडा बघायलाही आला नाहीत. मी ‘झालं’ म्हणाले, तेव्हा बटण दाबलंत आणि टेबल पुसायला गेलात.

त्या दिवशी तुमच्याकडं पाण्याचा दिवस होता, हे मला नंतर शिपाईकाकांनी सांगितलं. काही दिवसांआड नळ येणाऱ्या या गावात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. घरी काकू एकट्या बॅरल भरत होत्या आणि तुम्ही माझ्या मुशीतलं पाऊण ग्रॅम पाणी जाईपर्यंत थांबलात. काकूंचेही आभार मानायचेत मला. त्यांना माझं नावही माहीत नसेल.

आपल्या आजूबाजूला अशी माणसं किती असतील, मामा? लॅबमध्ये सकाळी बाटल्या भरून ठेवणारी, फुटलेली काच मुलांच्या पायाला लागू नये म्हणून वाकून वेचणारी. निकालाच्या फोटोत ती नसतात. मीही तीन वर्षं तुम्हाला ‘मामा, स्पिरिट’, ‘मामा, फिल्टर पेपर’ एवढंच म्हणत आले. त्याची मला लाज वाटते. चांगुलपणाला हुद्दा लागत नाही, हे घरी शंभरदा ऐकलं होतं. त्या दुपारी ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दादांना त्याच रात्री फोन केला. ‘मी मोजलं,’ म्हणाले. पलीकडं बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, ‘तुझ्या मामांना बेदाणा चालतो का?’

दोन किलो पाठवलाय. या वर्षीचा, आमच्याच शेडवर वाळवलेला. सोमवारी घेऊन येते. टेबलावर ठेवून पळून जाणार नाही, तुमच्या हातात देईन.

तुमची,
खिडकीकडच्या टेबलावरची मुलगी