सी विंगमधल्या काकांना, रॉचेस्टरच्या बर्फाबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

माझ्या लेकीला आणि जावयांना बर्फ उपसायचं यंत्र निवडून दिलंत, त्याचे आभार तोंडावर मानायची सोय नाही. विषय काढला की तुम्ही चपला शोधायला लागता. काल लिफ्टपाशी मी नुसती सुरुवात केली, तर "अहो, दूध नासेल" म्हणत जिन्याने निघून गेलात. चौथ्या मजल्यापर्यंत, या वयात. म्हणून हे उघड पत्र. चार लोकांनी वाचावं अशीच माझी इच्छा आहे, त्यातल्या काहींनी तर जरूर वाचावं. त्यांची नावं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुमच्या हाताबद्दल लिहू का, असं काकूंकडून आधी विचारून घेतलंय. निरोप आला: "लिही म्हणावं, पण नाव नको. आणि शुद्धलेखन तपास."

तर वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पुण्यात आपला बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की आपण कानटोप्या काढतो आणि पाषाणला किती होतं, शिवाजीनगरला किती होतं यावर दिवस काढतो. माझी लेक आणि जावई राहतात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, ओंटॅरिओ सरोवराच्या काठी. थंड वारा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठावर आला की बर्फ करून टाकतो. वर्षाकाठी सरासरी 100 इंचांच्या आसपास. शेजारच्या ईरी सरोवरामुळे बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच वादळात 80 इंच पडला होता. म्हणजे माणूस उभा बुडेल इतका.

घराच्या गॅरेजपासून रस्त्यापर्यंत गाडी न्यायचा जो पट्टा असतो, तो ड्राइव्हवे. यांचा चाळीस फूट लांब, सोळा फूट रुंद, वर खडी अंथरलेली. लेकीची हॉस्पिटलातली ड्युटी सकाळी सातला सुरू होते, म्हणजे अंधारातच गाडी बाहेर निघायला हवी. जावयांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे फावडं घेऊन उपसणं बाद.

गेल्या हिवाळ्यात ते तिथल्या एका मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने एकच प्रश्न विचारला, बजेट किती? आणि एक सिंगल स्टेज स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून बाजूला फेकणारं यंत्र, गळ्यात मारला. खडी आहे का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्या यंत्राची रबरी पाती जमिनीला घासत चालतात, तेव्हा पहिल्याच बर्फात त्यांनी बर्फाबरोबर खडीही उचलली आणि भिरकावली. गॅरेजच्या दाराला पोचे आले. परत द्यायला गेले तर उत्तर मिळालं, पेट्रोल भरलंत ना, मग आता परत नाही.

आपल्या लोकांचं तर विचारूच नका. न्यू जर्सीतले एक नातेवाईक म्हणाले, "आमच्याकडे माणूस येतो. आम्ही कॉफी घेऊन खिडकीतून बघतो." तो माणूस रॉचेस्टरला कसा येणार, हे नाही सांगितलं. कुटुंबाच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपापल्या यंत्राचा फोटो टाकला, जणू मी बक्षीस देणार होते. भाच्याने सांगितलं, मावशी, यूट्यूबवर सगळं आहे. आणि आपल्याच सोसायटीच्या बाकावरच्या एका विदुषींनी विचारलं, मुलांना इतक्या लांब पाठवायचंच कशाला? प्रश्न बर्फाचा, उत्तर संस्कारांचं.

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही पेपर वाचत होतात. एक शब्द बोलला नाहीत. मिनेसोटात तुमची नोकरीची सगळी वर्षं गेली, हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण तुम्ही कधी "आमच्या अमेरिकेत" असं वाक्य सुरू केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टेकडीवरून उतरलात ते थेट आमच्या दारात. "तिकडे रात्रीचे नऊ झाले असतील. लावा फोन."

ऑक्टोबर होता, बर्फाला अवकाश होता. "हीच वेळ असते," म्हणालात, "पहिला बर्फ पडला की दुकानात उरलेलं घ्यावं लागतं."

मग तुम्ही जे विचारायला लागलात, ते मी बाजूला बसून ऐकत होते. उतार आहे का, कुठल्या बाजूला? वारा बहुतेक कुठून येतो? उपसलेला बर्फ टाकणार कुठे? डावीकडे कुंपण आहे, मग उजवीकडच्या शेजाऱ्यांशी बरं आहे ना? गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या उभ्या केल्यावर किती जागा उरते? आणि सगळ्यात आधी, यंत्र धरणार कोण? लेक म्हणाली, मीसुद्धा. तर तिची उंची विचारलीत. अर्धा तास झाला तरी एका कंपनीचं नाव तुमच्या तोंडून आलं नव्हतं. जावई वही घेऊन बसले होते, त्यांची पंचाईत झाली.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तुम्ही हिशोब मांडलात. चाळीस फूट बाय सोळा फूट, आठ इंच बर्फ. साधारण बारा घनमीटर. भुरभुरीत बर्फ घनमीटरला 100 किलो धरला तरी एका वेळचा सव्वा टन. ओला असेल तर त्याच्या तिप्पट. "आता सांगा, हे कमरेने उचलायचं?" जावई गप्प. ते पान मी फाडलेलं नाही. पुढचा महिना आला तेव्हा पान नुसतं उलटून ठेवलं.

आणि मग म्हणालात, खडी आहे, म्हणजे टू स्टेजच. सिंगल स्टेजमध्ये एकच फिरकी बर्फ ओढते आणि फेकतेही. टू स्टेजमध्ये पुढचा ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं पातं, बर्फ आत ओढून देतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पंखा, तो बाहेर फेकतो. "एकीने लाटायचं, दुसरीने भाजायचं," हे माझ्याकडे बघून. त्याचा ऑगर जमिनीला टेकत नाही, दोन्ही बाजूंचे स्किड शू, म्हणजे खालच्या घसरपट्ट्या, वरखाली करून तो खडीच्या इंचभर वर ठेवता येतो. खाली पातळसा थर राहील, राहू द्या, त्यावर वाळू टाका.

जावयांना बॅटरीवरचं हवं होतं. आवाज नाही, धूर नाही. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. छोटं फरसबंद अंगण असतं तर तेच घ्या म्हणालो असतो, म्हणालात. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि पालिकेची नांगरगाडी रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग लावून जाते तो दाबलेला, चिखलमिठाचा, दगडासारखा असतो. यंत्र निवडायचं ते त्या ढिगासाठी. बाकी चाळीस फूट कुठलंही यंत्र करेल. हे वाक्य त्या दुकानातल्या माणसाने पाठ करावं.

जावयांचा डोळा तीस इंची मॉडेलवर होता. तुम्ही गॅरेजमधली जागा पुन्हा मोजायला लावलीत आणि चोवीस इंचावर आणलंत. रुंद यंत्र कमी फेऱ्यांत काम करतं, पण ते वळवणार कोण, पाठ कुणाची? त्या पाठीसाठी तीन गोष्टी सोडायच्या नाहीत असं बजावलंत: स्वतःच्या जोरावर चालणारी चाकं, हँडलवरच्या खटक्याने वळणं आणि दोरी न ओढता विजेच्या वायरने सुरू होणारा स्टार्टर. दिवा हवाच, लेक अंधारात निघते. गरम होणाऱ्या मुठी? "चैन आहे. हातमोजे घ्या." गॅरेजचं दार बंद असताना इंजिन सुरू करायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. शिअर पिनांचा जोड हँडललाच टेपने चिकटवून ठेवायचा, कारण दगड अडकला की गिअरबॉक्स वाचवायला त्या पिना मोडतात, आणि मोडतात त्या रात्रीच. साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काही करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड. यंत्र घेतलं तरी एक बरं फावडं हवंच, पायऱ्यांसाठी, आणि तेही ढकलायचं, उचलायचं नाही. थंडीत आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि एकदम पडलेला जोर, यात धडधाकट माणसं हृदयविकाराने जातात, हे सांगताना तुम्ही आवाज खाली आणलात. माझ्यासाठी असेल.

सगळं ठरलं. जावई आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात तुम्ही "थांबा" म्हणालात आणि खिशातला उजवा हात बाहेर काढलात.

काका, या सोसायटीत आम्ही इतकी वर्षं शेजारी. तुमचा तो हात आम्ही नीट पाहिलेला नव्हता. गणपतीच्या आरतीला तुम्ही मागे उभे राहता, टाळ्या वाजवत नाही. भोसरीला कुठल्यातरी प्रेसवर बोटं गेली असतील, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. तो हात तुम्ही कॅमेऱ्यासमोर इतका जवळ धरलात की पडदा भरला. तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी संपलेलं. टोकाची कातडी ताणलेली, चकचकीत. लेक आत काहीतरी आवरत होती ती येऊन उभी राहिली.

"मशीन बंद होतं," तुम्ही म्हणालात. "मी स्वतः बंद केलं होतं."

ओला बर्फ शूटमध्ये, म्हणजे त्या फेकायच्या नळकांड्यात, तुंबला की इंजिन बंद केलं तरी आत ताण साठून राहू शकतो. अडकलेला गोळा निघाला की पातं सुटतं. अर्धा फेरा पुरतो. यंत्राबरोबर एक काठी येते, ती यंत्रालाच लावलेली असते. इंजिन बंद, पातं थांबेपर्यंत थांबायचं, मग काठी. हात नाही, हातमोजा घालूनही नाही. हे दोघांकडून म्हणवून घेतलंत, शाळेत घेतात तसं. मग हात खिशात गेला आणि तुम्ही चहा मागितलात, बिनसाखरेचा.

सल्ला द्यायला पुण्यात पैसे पडत नाहीत. इथे भिंतीवरच्या पाट्यासुद्धा सल्ला देतात. पण जे आयुष्यभर झाकून ठेवलं ते दुसऱ्याच्या जावयासाठी, जो तुम्हाला फोनवर पहिल्यांदा भेटत होता त्याच्यासाठी, भल्या सकाळी काढून दाखवणं, हे मला अजून पचलेलं नाही. तुम्ही ते वाक्यातही सांगू शकला असतात. चालून गेलं असतं. कदाचित विसरूनही गेलं असतं. चांगली माणसं आपल्या आसपास असतात असं म्हणतात ते खरं असावं, फक्त ती ग्रुपवर नसतात आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतात.

परवाचं सांगते. रात्रभर पडलेला ओला बर्फ, त्यात नांगरगाडीचा ढीग. शेवटच्या फेरीला शूट तुंबला. जावयांनी इंजिन बंद केलं, हातमोजा काढला, वाकले. ते म्हणतात, "आई, मला माझा हात दिसलाच नाही, काकांचा दिसला." हातमोजा पुन्हा घातला, काठी काढली. गोळा सुटल्याबरोबर पातं फिरलं आणि काठी त्यांच्या हातातून उडून कुंपणापाशी पडली. इंजिन बंद होतं. टोकाचं प्लॅस्टिक तुटलंय, लेकीने फोटो पाठवला आहे. जावई घरात येऊन बुटासकट सोफ्यावर बसून राहिले, आणि लेकीने फोन केला तेव्हा तिला बराच वेळ बोलताच येईना.

तो फोटो घेऊन मी तुमच्याकडे निघाले होते. त्यावर तुमचं दूध नासलं.

मे महिन्यात दोघं पुण्याला येतायत. जावयांना तुम्हाला भेटायचंय. पाया पडू नका असं आधीच बजावून ठेवते, नाहीतर तुम्ही जिन्याने जाल. त्याआधी त्यांचे दोन प्रश्न आहेत. सीझन संपल्यावर टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं की स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवायचं औषध, घालून ठेवायचं? त्यांच्या गल्लीत दोन मतं आहेत आणि यूट्यूबवर पाच. दुसरं, काठी नवी मागवायची की कुठलंही लाकूड चालेल? उत्तरं काकूंबरोबर पाठवलीत तरी चालतील. उद्या सकाळी साडेसहाला आलात तर तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतील, दोघं जागीच असतात. साखर न घालता ठेवते.

आपली,
बी विंग, दुसरा मजला