कॅल्शियमची बाटली

तासगाव

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. हे फोनवर बोलता येत नाही, माझा मोबाईल कायम पोराच्या हातात. तब्येत बरी आहे, वजन दोन किलोनं वाढलंय.

थोरल्या जाऊबाई जत्रेला आल्या त्या अजून इथंच आहेत. माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या कुणाला कळू नयेत म्हणून कॅल्शियमच्या बाटलीत असतात, तुझीच शिकवण. एका रात्री म्हणाल्या, "माझंबी गुडघं लई दुखत्यात, दे बघू एक." माझे हातपायच गळाले. "संपल्यात" म्हटलं आणि बाटली ज्वारीच्या कणगीत खुपसली. मग काढायची कशी? त्या माझ्याच खोलीत, झोप नावाला. जरा खुळखुळलं की कूस बदलणार. सुमे, ९ दिवस गेले! त्या विषाणूला ९ दिवस मोकळं रान.

आता हस. मागं रात्रीच्या त्या गोळीनं गरगरतंय, भलती स्वप्नं पडतात म्हणून तू चार दिवस सोडलीस, तेव्हा स्टँडवर चारचौघांत तुला मीच झाडलं होतं. तीन महिने अबोला धरलास. तुला निदान कारण तरी होतं. मला आता दिवसाला एकच गोळी, तिचा त्रासही नाही.

सांगलीला औषध देणाऱ्या ताई गोळ्या मोजणार, म्हणून उरलेल्या ९ गोळ्या द्राक्षाच्या वेलाच्या बुडात पुरल्या आणि "एकबी चुकली नाही" सांगून आले. त्या शाबास म्हणाल्या गं. तेच टोचतंय. पुढच्या महिन्यात व्हायरल लोड आहे, रक्तात विषाणू किती ते मोजायची तपासणी. आकडा हजाराच्या वर गेला तर माझंच रक्त चुगली करणार. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं आपलं गुपित कुणी फोडायचं नाही म्हणे, पण जावेच्या गुडघ्यांना कुठलं कलम लावू? औषध २००४ पासून फुकट, एसटीला अर्धं तिकीट, तरी बेदाण्याच्या शेडवरची हजेरी बुडतेच. वर मुकादम विचारतो, "सांगलीत कोण हाय गं तुझं?"

पोरीच्या बारावीचं काय झालं? कराडचं घर अजून गळतंय का?

येताना खरं कॅल्शियम आणून जाऊबाईंना दिलं. गुडघं हलकं वाटतंय म्हणे! आता नऊ वाजले की त्याच ओरडतात, "शालन, गोळी घेतलीस का?" दोन्ही बाटल्या एकाच फळीवर. त्यांच्या बाटलीला नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, तरी रात्री दोनदा उठून बघते.

तुझी,
शालन