मनूस, त्या रोजच्या शंभर कीगलबद्दल

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला, "आई, ॲप टाकलंय, रोज शंभर कीगल करतेय, आता तरी शाब्बास म्हण", आणि पुढे हसरे चेहरे. अगं शाब्बास कसली, आई आयुष्यभर बायकांची फिजिओथेरपीच करतेय आणि लेक विचारतेय मोबाईलला. फोनवर सांगितलं असतं पण मी जरा सविस्तर बोलायला लागले की तू हो हो करत फोन ठेवतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाळाला पाजताना वाच, तेवढाच काय तो तुझा निवांत वेळ.

पहिलं म्हणजे ते शंभर कीगल, म्हणजे लघवीच्या जागेभोवतीचे स्नायू आवळायचे व्यायाम, आजपासून बंद. कारण सांगते. तू मधे बोलता बोलता म्हणालीस की लघवी करून आल्यावर परत आल्यासारखं वाटतं, टाक्यांच्या जागी ओढ बसते आणि खुर्चीत बसलं की माकडहाड दुखतं. तू सहज म्हणालीस पण माझे कान टवकारले. आधी लघवीची तपासणी करून इन्फेक्शन नाही ना ते बघून घे, ते बघितल्याशिवाय बाकी काहीच बोलायचं नसतं. ते नसेल तर मला शंका येतेय की तुझे तिथले स्नायू सैल नाही झालेत, उलट आखडलेत.

पेल्विक फ्लोअर म्हणजे पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेले स्नायू, मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय ह्यांना खालून तेच आधार देतात. त्यांना आवळता यायला हवं आणि सोडताही यायला हवं, आणि हे सोडणं कुणी शिकवतच नाही. दिवसभर मूठ घट्ट आवळून ठेवली तर हात दुखेल आणि शेवटी वस्तूही नीट धरता येणार नाही, तसंच हे. आखडलेल्या स्नायूंवर अजून शंभरदा आवळलं तर दुखणं वाढतं, लघवी अडकत होते, आणि नवराबायकोच्या जवळिकीतही दुखतं, हे शेवटचं तू मला सांगणार नाहीस म्हणून मीच लिहून टाकलं.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं ते अर्नॉल्ड कीगल, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी 1948 साली ह्या व्यायामावर लिहिलं तेव्हा नुसतं आवळत बसा असं नव्हतं सांगितलं. ते आधी बोटाने तपासून बघायचे की बाई योग्य तोच स्नायू आवळतेय का, आणि दाब किती पडतो ते तिला स्वतःला दिसावं म्हणून त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं यंत्र बनवलं होतं. आता नाव तेवढं राहिलं आणि तपासणं गेलं! माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका आवळा म्हटलं की कुल्ले आवळतात, मांड्या आवळतात, श्वास कोंडतात, आणि काही जणी तर चक्क खाली जोर देतात म्हणजे बरोब्बर उलटं, आणि त्यांना वाटत असतं की आपण छान करतोय.

म्हणून एकदा पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओकडे जाऊन ये. माझ्याकडे नाही हं, आईने मुलीला असं तपासू नये असं माझं मत आहे, तू मोकळेपणी बोलणार नाहीस आणि मी आई म्हणून निम्मं ऐकणार नाही. घाबरू नकोस, आधी नुसते प्रश्न असतात, मग ग्लोव्ह घालून एका बोटाने आतून तपासतात, तेही तुला विचारून, आणि नको म्हणालीस तर नको. काही ठिकाणी पोटावरून सोनोग्राफी लावून दाखवतात, तू आवळलंस की स्क्रीनवर मूत्राशयाचा तळ वर उचललेला दिसतो. पोटाच्या मधोमध दोन बाजूंच्या स्नायूंमध्ये किती फट आहे तेही बघतील, ती पहिल्या काही आठवड्यात बरीचशी आपोआप भरून येते, उगाच कुणाचे फोटो बघून पट्टे बांधत बसू नकोस.

तोपर्यंत फक्त श्वास. आडवी हो, गुडघे वाकवून, श्वास घेताना पोट आणि खालचा भाग सैल सोडायचा, सोडताना काहीही मुद्दाम करायचं नाही. संडासला पायाखाली छोटं स्टूल घे म्हणजे गुडघे कमरेच्या वर राहतात, आणि जोर करायचा नाही.

तुझ्या मैत्रिणीची गोष्ट वेगळी आहे, तिचं शिंकताना खोकताना गळतंय, ते खरंच ताकद कमी पडल्याचं असू शकतं. तिला सांग की हे बऱ्याच जणींना होतं पण म्हणून आयुष्यभर पॅड लावून बसायचं नसतं. वात अडवताना आवळतो तसं मागून सुरू करून पुढे आणि वर ओढायचं, श्वास चालू ठेवून, जमेल तितके सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं, असं निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि कमीत कमी तीन महिने, आठवडाभर करून फरक नाही म्हणायचं नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळून घ्यायचं, ह्या एवढ्याशा युक्तीनेही खूप फरक पडतो. लघवी करताना धार अडवून व्यायाम मात्र करायचा नाही, मूत्राशय नीट रिकामं होत नाही मग. तिनेही एकदा तपासून घेतलेलं बरं.

आता तुझं धावणं. मला माहितीये तू बूट काढून ठेवलेयत. ब्रिटनमधल्या फिजिओंनी 2019 मध्ये ह्यावर गाईडलाईन काढली, त्यात बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आधी धावू नये असं आहे, आणि तीन महिने झाले म्हणून लगेच सुटायचं असंही नाही. अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी मिनिटभर जॉगिंग, प्रत्येक पायावर दहा उड्या, हे सगळं न दुखता, न गळता आणि खाली काहीतरी उतरल्यासारखं न वाटता झालं पाहिजे. ते जड वाटणं, अंग बाहेर आल्यासारखं, ते जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि दाखवायचं.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती. तू पाजतेयस म्हणून तुझं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी आहे, माझी पाळी गेली म्हणून माझं कमी आहे, त्यामुळे तो कोरडेपणा, ती आग ह्या बाबतीत सध्या तुझी माझी गत एकच. फरक एवढाच की तुझं भरून येईल. माझ्या हाडांचं काय, पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं ती भराभर झिजतात, आणि नुसत्या चालण्याने फार काही होत नाही, वजन उचलावं लागतं. म्हणून मी डंबेल घेतले तेव्हा तू हसलीस, हस. गेल्या वर्षी माझा खांदा आखडला होता तेव्हा मागे हात नेऊन ब्राचा हूक लागेना, पुढे लावून फिरवून घ्यायचे. हे दुखणंही बायकांना ह्याच वयात जास्त गाठतं.

आणि आजी. ती रात्री पडली ते सगळे म्हणतात तोल गेला. तोल गेलाच, पण ती अंधारात का पळत होती, लघवी धरवत नाही म्हणून. आता तिचे दोन्ही व्यायाम एकत्र घेतेय, खुर्चीतून हात न टेकता उठणं बसणं आणि घाई आली की धावण्याऐवजी थांबून, आवळून, कळ जाऊ देऊन मग सावकाश जाणं. कुरकुर करते पण करते. तुला दहावीत पाळीच्या दिवशी पोट दुखून रडू यायचं तेव्हा मी कमरेला टेन्सचे, म्हणजे हलका विजेचा झटका देऊन दुखणं कमी करणाऱ्या मशीनचे, पॅड लावून फेऱ्या मारायला लावायचे, तेव्हा तू जेवढी चिडायचीस तेवढीच ती आत्ता चिडते.

तर ॲप डिलीट कर आणि अपॉइंटमेंट घे. जायच्या आधी तीन दिवस लिहून ठेव, किती वेळा जातेस, किती पाणी पितेस, आणि न लागता उगाच आत्ताच जाऊन येते म्हणून किती वेळा जातेस, ही शेवटची सवय तुला लहानपणापासून आहे. बाळाला घरी ठेवायची गरज नाही, घेऊनच जा, तू त्याला कसं उचलतेस ते त्यांना बघू दे, तुझं मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतंय म्हणालीस ना तेही त्यातलंच असेल.

तुझी
आई